बाई म्हणतात

माझी खुर्ची लहान मुलांच्या मापाची आहे आणि मी लहान मूल नाही, हे माझ्याकडे बघून कुणीही सांगेल. एका बाजूला लोखंडी कपाट, मागे भिंत, पुढे बाक आणि उरलेल्या बाजूला ठकी. एकदा वर्ग सुरू झाला की मला बाहेर पडायचं तर ठकीला उठवावं लागतं, ठकी उठली की पलीकडची सगळी रांग सरकवावी लागते, म्हणजे वर्गबाईंचा धडा थांबतो. आणि वर्गबाईंचा धडा थांबवावा इतकं महत्त्वाचं काम मला आजवर कधी निघालेलं नाही. सकाळचा चहासुद्धा मी म्हणूनच बेताने पिते.

आमच्या शाळेत सगळं इंग्रजीत चालतं. ज्या मुलांना ते येत नाही, त्यांच्या शेजारी त्यांची भाषा बोलणारं माणूस बसवतात. ठकीच्या शेजारचं माणूस म्हणजे मी. वर्गबाई फळ्यापाशी इंग्रजीत बोलतात आणि मी तेच ठकीच्या कानात आपल्या भाषेत सांगते. कुजबुजत सांगायचं, पुढच्या बाकाला ऐकू जाता कामा नये. माझं प्रत्येक वाक्य 'बाई म्हणतात' पासून सुरू होतं. बाई म्हणतात, पुस्तक उघडा. बाई म्हणतात, ढग काही कापसाचे नसतात. बाई म्हणतात, मागे कोण हसलं? माझा नवरा मला घरी 'रेडिओ' म्हणतो, कारण मी बंद होत नाही. तर या रेडिओला कुणीतरी आवाज बारीक करून पगार देतं, याचं त्याला फार कौतुक आहे.

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लाकडी बाहुलीसारखी ठेवली तिथे बसते म्हणून तिची आजी तिला ठकी म्हणते. आईबाप उजाडायच्या आत कामाला जातात, शाळेत पोचवायचं आणि न्यायचं ते आजीने. आली तेव्हा ही पोर दप्तर पोटाशी धरून बसायची आणि कुणी हाक मारली की डोळे मिटून घ्यायची. मला आधी 'तुम्ही' म्हणायची, मग कधी 'तू' म्हणायला लागली ते दोघींनाही कळलं नाही.

आता वर्गबाईंविषयी. बाई वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांच्या नावाने बोटं मोडाल. बाई फूटपट्टीसारख्या आहेत. सरळ, कोरड्या, आणि सगळ्यांना एकच माप. कुणाला शाब्बास म्हणत नाहीत आणि कुणाच्या कानालाही हात लावत नाहीत. धडा बरोबर वेळेवर संपवतात. बाईंच्या इंग्रजीचं हुबेहूब आपल्या भाषेत करायचं म्हणजे कोरडी भाकर नुसती पाण्याबरोबर खायला घालण्यासारखं होतं. मला ते जमेना. मी थोडं मीठ टाकायला लागले.

म्हणजे बाई म्हणत, "चूक. परत कर." मी कुजबुजायची, "बाई म्हणतात, जवळजवळ आलंच होतं की गं. अजून एकदा बघ." बाई म्हणत, "ज्वालामुखी म्हणजे जमिनीच्या पोटातला तापलेला रस बाहेर येणं." मी कुजबुजायची, "बाई म्हणतात, आपण दुधाकडे पाठ केली की दूध काय करतं? तस्संच." ठकी खुदकन हसायची आणि बाईंकडे असं बघायची, की बाईंना वाटावं आपल्या ओठाला खडू लागलाय. त्या ओठ पुसायच्या.

मग एका सकाळी शाळेच्या पायऱ्यांवर आजीचा पाय घसरून गुडघा मुरगळला. तो धरून आजी खाली बसल्या, मी आणि पहारेकऱ्याने मिळून त्यांना उठवलं. ठकी वर्गात आली ती ओठ गच्च मिटून. धडा नकाशाचा होता. बाई दिशा सांगत होत्या आणि ठकीच्या वहीवर टप टप पाणी पडत होतं. बाईंनी ते बघितलं नाही. बघितलं असतं तरी वही कोरडी ठेव म्हणाल्या असत्या. मला राहवलं नाही. मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "बाई म्हणतात, आजीचा गुडघा कसा आहे?"

पोरीने मान वर केली. सबंध चेहरा उजळला. "सांग ना त्यांना, सुजलाय म्हणून."

आता आली का पंचाईत? सांगू कुणाला आणि काय? मी हात वर केला आणि बाईंना इंग्रजीत म्हटलं, "हिला उत्तर दिशा समजली." बाईंनी मान डोलावली. ठकीला वाटलं, गुडघ्यासाठी डोलावली. मी परत तिच्या कानाशी गेले. "बाई म्हणतात, आजीला म्हणावं, जिना जपून उतरा."

तेव्हापासून ही रीतच पडली. अधूनमधून बाई आजीची चौकशी करायच्या, म्हणजे मी करायची. ठकी निरोप द्यायची, मी हात वर करून इंग्रजीत काहीतरी अभ्यासाचं बोलायची, बाई मान डोलवायच्या. आजी एकदा फाटकाशी माझा हात धरून म्हणाल्या, "ताई, तुमच्या त्या बाईंना माझा नमस्कार सांगा हो. परक्या मुलुखात इतकं कोण विचारतं?" मी म्हटलं, सांगते.

आणि खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं. नवरा बसआगारात पाळीवर असतो, मी घरी येते तेव्हा तो निघालेला असतो नाहीतर घोरत असतो. शाळेत कुणी माझ्याशी बोलायचं ते 'पुढचं बाक मोकळं करा' इतकंच. दिवसभरात मनापासून जे काही बोलायची ते मी त्या एका छोट्या कानात बोलायची. तो कान माझं घर झाला होता.

एक दिवस भाषाविभागाच्या प्रमुखबाई तपासायला आल्या. मागे बसून धडा ऐकला आणि मधल्या सुट्टीत ठकीपाशी येऊन इंग्रजीत अगदी सोपं विचारलं, "तुला काय आवडतं?" ठकीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वारा आला, गेला, तसा तो प्रश्न तिच्या अंगावरून गेला.

प्रमुखबाईंनी मला खोलीत बोलावलं. ती खोली म्हणजे कागदांच्या खोक्यांमधली फट. दार लावायचं तर आधी एकाने पोट आत घ्यावं लागतं. त्या म्हणाल्या, "तुमचं काम उत्तम आहे. तुमची भाषा मला येत नाही, पण इतकं छान भाषांतर होताना मी बघितलेलं नाही." मी खुलले. मग त्या म्हणाल्या, "म्हणूनच ती मुलगी इंग्रजी ऐकत नाही. तिला गरजच पडत नाही. ती फक्त तुम्हाला ऐकते."

"मग मी बाजूला होऊ का?" मी विचारलं.

"तेही करून झालं. तुम्हाला ताप आला होता तेव्हा ती बाकाखाली जाऊन बसली होती, विसरलात? नाही. तुम्ही खुर्चीवर बसायचं. पण वर्गाच्या चार भिंतींत एक शब्द बोलायचा नाही. सत्र संपताना मी येईन. तिने स्वतः वर्गबाईंशी इंग्रजीत एक वाक्य बोलायला हवं. स्वतःचं, शिकवलेलं नको. नाही बोलली तर तिला तळमजल्यावर पाठवावं लागेल."

तळमजल्यावर नुकती अक्षरं गिरवायला लागलेली पोरं. त्यांच्यात आमची ठकी म्हणजे कोंबडीच्या पिल्लांत बगळा. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी नवरा डबा भरत होता, त्याला सांगितलं. तो आधी पोट धरधरून हसला. "तू? हाताची घडी, तोंडावर बोट? पैज लावतेस का?" मग मी त्याला गुडघ्याचं सांगितलं. बाईंच्या चौकशा, निरोप, नमस्कार, सगळं. त्याचं हसू ओसरलं.

"म्हणजे पोरगी इंग्रजी शिकली नाही, तर खाली जाणार," तो म्हणाला.

"हो."

"आणि शिकली, तर बाई खऱ्या काय बोलतात ते तिला कळणार."

"तेच तर म्हणतेय मी मघापासून!"

"मग तू कुठून सुटणार आहेस?" त्याने विचारलं आणि डबा उचलून कामाला गेला. प्रश्न टाकून निघून जायची त्याला खोडच आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी मूग गिळून बसले. ते किती अवघड असतं हे अबोल माणसांना नाही कळायचं. बाईंनी एक वाक्य टाकलं की माझ्या जिभेवर आपल्या भाषेतलं वाक्य तयार, मिठासकट. ते गिळायचं. दुसरं येतं, तेही गिळायचं. घसा दुखायला लागला. कपाटाचा पत्रा दंडाला थंड लागायचा, गुडघे बाकाच्या फळीला टेकलेले, आणि शेजारून पोर मला कोपराने ढोसतेय, "मावशी, बाई काय म्हणाल्या? मावशी? ए मावशी!" मी समोर बघायची. एकदा तिने माझी बाही धरून ओढली, इतकी, की शिवण उसवली. एकदा रडली. एकदा रागाने माझ्याकडे पाठ करून बसली आणि मला त्या पाठीचा इतका राग आला, इतकी माया आली, की मी माझ्याच मांडीला चिमटा काढला.

प्रमुखबाईंनी भिंतींच्या आत बोलू नका म्हटलं होतं, बाहेर नव्हे. मधल्या सुट्टीत नळापाशी ठकीने मला गाठलं.

"बाई रागावल्यात का माझ्यावर?"

"छे गं. कशाला रागावतील?"

"मग बोलत का नाहीत माझ्याशी? आता नुसता आवाज येतो त्यांचा. आजीचं पण विचारत नाहीत." तिने नळ बंद केला, परत सोडला. "आजी रोज विचारते मला, बाई काही म्हणाल्या का."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. वर्गात गप्प बसून बसून अंगात साठलेलं सगळं त्या नळापाशी बाहेर पडलं. "बाईंना वाटत असेल, तूच सांगशील एखाद दिवशी. त्यांच्या भाषेत. त्या वाट बघत असतील."

बोलले आणि जीभ चावली. पण बाण सुटला होता. ठकीने ओले हात स्कर्टला पुसले आणि ती वर्गात गेली.

त्या दिवसापासून तिचं ढोसणं थांबलं. ती बाईंच्या तोंडाकडे बघायला लागली. नुसतं बघत नव्हती, कान देऊन ऐकत होती, मांजर बिळापाशी बसतं तशी. पुस्तक उघडा म्हटलं की आधी इकडेतिकडे बघून, सगळ्यांनंतर उघडायची. मग सगळ्यांबरोबर उघडायला लागली. पुढच्या बाकावरच्या मुलीला काहीबाही विचारायची, चालणं, काठी असं हातवारे करून दाखवायची, आणि ती जे सांगेल ते ओठांतल्या ओठांत घोळवायची. शेजारी बसून मी ते बघत होते. आनंदाने ऊर भरून यायचा, पण तिला जितकं कळत होतं तितकी मी उघडी पडत होते.

एकच वाट दिसत होती. बाईंनाच सांगायचं. कागद छापायच्या यंत्रापाशी त्या एकट्या सापडल्या, तेव्हा मी धीर करून म्हटलं, "तुम्ही एकदा हिच्या आजीच्या गुडघ्याची चौकशी कराल का?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तिच्या अभ्यासाशी त्याचा काही संबंध आहे?"

"तसा नाही, पण..."

"एकीला विचारलं तर मला सगळ्यांना विचारावं लागेल. आणि कुणाची आजी वारलेली असते. मी म्हणून हे सुरूच करत नाही." त्यांनी छापलेले कागद जुळवले, कडा सारख्या केल्या. त्यांचं चूक होतं असंही मला म्हणवेना. पुढे सांगायचं तर, मी इतके दिवस तुमच्या तोंडी माझे शब्द घालतेय, हे सांगावं लागलं असतं. मग खुर्ची गेली असती आणि ठकी परत बाकाखाली. मी म्हटलं, बरोबर आहे बाई. आणि परत येऊन कपाट आणि पोरीच्या मधे बसले.

सत्राच्या शेवटी प्रमुखबाई आल्या आणि मागच्या भिंतीशी बसल्या. बाहेर लख्ख ऊन, खिडक्या मात्र बंद, कारण पलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं. वर्गात खडूचा आणि पोरांच्या डब्यांचा वास कोंडला होता. धडा नदीचा. नदी कुठे उगम पावते, कुठे मिळते. बाईंनी प्रश्न विचारला, एकाने उत्तर दिलं. दुसरा विचारला, दुसऱ्याने दिलं. मी मागे वळून बघत नव्हते, पण प्रमुखबाईंचे डोळे मला मानेवर टोचत होते. बोल गं, मनात म्हणत होते मी. नदीविषयी बोल. पाणी निळं असतं म्हण. काहीही म्हण, फक्त ते नको.

"आणखी कुणाला काही सांगायचं आहे?" बाईंनी विचारलं.

ठकीने हात वर केला.

सगळ्या वर्गाने वळून बघितलं, कारण या हाताला वर जाताना कुणी कधी बघितलंच नव्हतं. ती उभी राहिली. दप्तर पोटाशी नव्हतं, हात मोकळे होते. आणि स्वच्छ, एकेक शब्द नीट ठेवत, इंग्रजीत म्हणाली, "बाई, माझ्या आजीचा गुडघा आता बरा आहे. ती काठीशिवाय चालते. तुम्ही विचारत होतात, त्याबद्दल आभार."

मग मागे कुणीतरी फिसकन हसलं.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग हातातल्या पुस्तकाकडे. खरोखरच त्यांना काही उमगलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी कुणाच्याही आजीबद्दल कधी विचारलेलं नाही. आपला धडा नदीचा चालू आहे. खाली बस."

साधं इंग्रजी. छोटी छोटी वाक्यं. तिला समजणार नाही असा त्यात एक शब्द नव्हता.

ठकी उभीच राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, कारण दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. आधी तो कोरा झाला. मग कपाळावर बारीक आठी आली, गणित सोडवताना येते तशी. बाईंकडे बघितलं तिने. मग माझ्याकडे. माझ्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे. ज्वालामुखीचं दूध, जवळजवळ आलं होतं की गं, जिना जपून उतरा, एकेक करून तिला सापडत गेलं असणार, आणि प्रत्येकाखाली मी. मला पळून जावंसं वाटलं. एका बाजूला कपाट, मागे भिंत, पुढे बाक, आणि वाट अडवून ती.

मागे प्रमुखबाईंचं पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. वाक्य तर झालंच होतं. एक नाही, तीन, आणि कुणी न शिकवलेली. तळमजला टळला होता. दाराशी जाऊन त्यांनी मला लांबूनच शाबासकीचा अंगठा वर करून दाखवला, हसल्या, आणि पाय न वाजवता निघून गेल्या.

ठकी खाली बसली. पुस्तकाचं पान सारखं केलं. बाई परत नदीकडे वळल्या आणि वर्गही वळला. मी समोर बघत होते. समोरचं काही दिसत नव्हतं.

मग माझ्या कानाला ऊब लागली. ती माझ्याकडे वाकली होती. तळहाताचा आडोसा करून, मी करायची तसाच, पुढच्या बाकाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, बाईंसाठी मी जो थोडा जाड आवाज काढायची तोच काढून ती आपल्या भाषेत कुजबुजली,

"बाई म्हणतात, बरं झालं. आजीला म्हणावं, इतक्यात धावपळ नको."

मी तिच्याकडे वळले. ती फळ्याकडे बघत होती, पाठ ताठ, डोळे भरलेले. एक थेंबही तिने वहीवर पडू दिला नाही. मला कितीतरी बोलायचं होतं, पण वर्गाच्या चार भिंतींत मला बोलायची बंदी होती, आणि नसती तरी मी काय बोलणार होते?

माझी कुजबुज ऐकून इतके दिवस ठकी जशी मान हलवायची, तशीच मी हलवली. घंटा व्हायला अजून बराच वेळ होता.